क्रूझर सायकलला मोटार बसविताना : सांगाडा कसा पारखावा?

कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठच्या गावांत संथपणे फिरणारी क्रूझर सायकल दुरून पाहिली, तर ती मोटारसायकलची धाकटी बहीण वाटते. रुंद हँडल, जाडजूड टायर, ऐसपैस सीट, बाकदार नळ्यांचा सांगाडा आणि पुष्कळदा वरच्या दोन नळ्यांमध्ये बसविलेली पेट्रोलच्या टाकीसारखी दिसणारी टाकी. या टाकीत पेट्रोल कधीच नसे. फार तर एक भोंगा आणि त्याला लागणारे सेल असत. हे साम्य योगायोगाने आलेले नाही. शिकागोची आर्नल्ड, श्विन आणि कंपनी पूर्वी मोटारसायकलीही तयार करीत असे. महामंदीच्या तडाख्यात १९३१ मध्ये तिने तो व्यवसाय बंद केला आणि १९३३ मध्ये २⅛ इंच रुंदीच्या फुगीर 'बलून' टायरची सायकल बाजारात आणली. गिऱ्हाईक होते शाळकरी मूल. त्याला मोटारसायकल हवी असे. ती मिळणे शक्य नव्हते, म्हणून तिचे रूप सायकलला दिले गेले.

त्या रूपामागोमाग खरे इंजिनही आले. लॉस एंजेलिसच्या ब्रीन-टेलर इंजिनिअरिंग या कंपनीने १९३९ मध्ये 'व्हिझर' नावाचे छोटे इंजिन सुट्या संचाच्या रूपात विक्रीस आणले. साधी बलून टायरची सायकल घ्यायची आणि त्यावर घरच्या घरी इंजिन चढवायचे, अशी ती कल्पना होती. आज त्या जागी मुख्यतः विजेच्या मोटारी आल्या आहेत. काही हौशी मंडळी दोन-स्ट्रोकची छोटी पेट्रोल इंजिनेही बसवितात. तथापि मूळ अडचण १९३९ मध्ये होती तीच आहे. क्रूझरचा सांगाडा मोटारसायकलसारखा दिसत असला, तरी तो आखला गेला तो ताशी पंधरा किलोमीटरने, सपाट रस्त्यावर, पायाच्या जोरावर चालण्यासाठी. मोटार बसविली की याच सांगाड्यावर वेगाचा, वजनाचा आणि पिळाचा असा भार पडतो, ज्याचा विचार करणाऱ्याने केलेला नसतो.

बहुतेक हौशी लोक आधी मोटारीचा संच विकत घेतात आणि मग तो कोणत्या सायकलवर चढेल याचा शोध घेतात. हा क्रम उलटा आहे. मोटार बदलता येते, बॅटरी तर काही वर्षांनी बदलावीच लागते. सांगाडा मात्र एकदा निवडला की पुढचे सारे त्याच्या मापाने चालते. आणि तो चुकला, तर चूक कळते ती बहुधा उतारावर.

रिपॅकचा धडा

क्रूझरच्या सांगाड्याला आणि ब्रेकला काय सोसते, याची एक कठोर परीक्षा १९७६ पासून काही वर्षे कॅलिफोर्नियातच झाली. मरीन काउंटीतील फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या डोंगरी रस्त्यावरून काही तरुण जुन्या बलून टायरच्या सायकली भरधाव खाली सोडीत. रस्ता सुमारे तीन किलोमीटरचा, आणि तेवढ्यात उतार जवळजवळ चारशे मीटरचा. या सायकलींना फक्त कोस्टर ब्रेक असे, म्हणजे पायडल उलटे मारले की मागच्या चाकाच्या हबमध्येच लागणारा ब्रेक. उताराच्या शेवटी तो हब इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन उडून जाई. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. 'पुन्हा भरणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या रस्त्याचेच नाव 'रिपॅक' पडले. सांगाडेही वाकत, तुटत. त्यांपैकीच एक, जो ब्रीझ, याने १९७७ मध्ये जुन्या सांगाड्यांची डागडुजी करण्याचा नाद सोडून नव्या नळ्यांचा, नव्या ब्रेकच्या सोयींचा सांगाडा स्वतः घडविला. माउंटन बाइकचा इतिहास सांगताना ही हकिगत नेहमी सांगितली जाते. मोटार बसवू पाहणाऱ्यालाही ती ठाऊक असलेली बरी.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत शिकलेले गणित येथे उपयोगी पडते. ताशी १५ किलोमीटरऐवजी २५ ने जाणाऱ्या सायकलला थांबविण्यासाठी ब्रेकला पावणेतीन पटींहून अधिक ऊर्जा जिरवावी लागते. वेग ४० झाला तर सुमारे सात पट. त्यात मोटार आणि बॅटरीचे सहा-सात किलो वजन अधिक. म्हणून सांगाडा पाहताना पहिला प्रश्न रंगाचा किंवा बाकाचा नसून ब्रेकचा असावा : दोन्ही चाकांना स्वतंत्र, हाताने लावता येणारे ब्रेक बसविण्याची सोय या सांगाड्यावर आहे काय? पुढच्या चिमट्यावर (दुकानात यालाच फोर्क म्हणतात) व्ही-ब्रेक अडकविण्याचे खुंट, डिस्क ब्रेकची पट्टी किंवा निदान चिमट्याच्या माथ्यावर आरपार भोक हवे. मागे, सीटकडून चाकाकडे उतरणाऱ्या नळ्यांवरही तशी सोय पाहावी. स्वस्त एकेरी गतीच्या क्रूझरवर यांतले पुष्कळदा काहीच नसते, कारण कोस्टर ब्रेक पुरेसा आहे असे बनविणाऱ्याने गृहीत धरलेले असते.

यात एक छुपा धोका आहे. मागच्या हबमध्ये मोटार बसविली, की मूळ हब निघतो आणि त्याबरोबर कोस्टर ब्रेकही जातो. पायडलच्या जागी बसणाऱ्या मिड-ड्राइव्ह मोटारींपैकी बहुतेकांत आतच फ्रीव्हील असते. पायडल उलटे फिरविले तर ते नुसतेच फिरते, साखळी मागे ओढली जात नाही, आणि ब्रेक लागत नाही. वर्षानुवर्षे उलटे पायडल मारून थांबण्याची सवय असलेल्या माणसाचा पाय ऐनवेळी तेच करणार. ब्रेकची सोय नसलेला सांगाडा कितीही देखणा असला तरी तो बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आस बसतो ती खाच

मोटार बसविलेल्या सायकलीत सर्वांत जास्त ताण कुठे येतो, असे विचारले तर बहुतेक जण नळ्यांकडे बोट दाखवितात. हब मोटारीच्या बाबतीत उत्तर त्याहून पुष्कळ लहान जागेत आहे. चाकाचा आस ज्या खाचेत बसतो, ती खाच.

साध्या चाकाचा आस नुसता वजन पेलतो. हब मोटारीचा आस मात्र स्थिर राहून चाकाला फिरवितो. मोटार चाकाला पुढे ढकलते, तेव्हा आसाला तितक्याच जोराने उलट दिशेला फिरण्याची ओढ लागते. त्याला अडवून धरतात त्या आसाच्या दोन चपट्या बाजू आणि खाचेच्या कडा. या चपट्या बाजूंमधले अंतर साधारणपणे १० मिलिमीटर असते. मध्यम ताकदीची मोटार ४० न्यूटन-मीटरचा पीळ देते असे धरले, तर ढोबळ हिशेबाने खाचेच्या कडांवर सुमारे चारशे किलो वजनाइतका जोर येतो. तोही काही मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर, आणि दर वेळी सिग्नलवरून निघताना.

येथे धातूचा प्रश्न येतो. पोलादी खाच जोर सहन झाला नाही तर हळूहळू फाकते. नट सैल वाटू लागतो, चाक किंचित तिरके बसते, म्हणजे सूचना मिळते. अॅल्युमिनियमची खाच अशी सूचना देईलच असे नाही. ती एकदम तडकू शकते. पुढच्या चाकात मोटार असेल आणि खाच तडकली, तर चाक चिमट्यातून निसटते. त्यानंतर काय होते हे सांगण्याची गरज नाही. पुढच्या चाकात मोटार बसवायची असेल तर चिमटा पोलादीच हवा, आणि दोन्ही बाजूंस टॉर्क आर्म हवेत. टॉर्क आर्म म्हणजे पोलादाची पट्टी. तिचे एक टोक आसाच्या चपट्या बाजू घट्ट पकडते, दुसरे चिमट्याला आवळलेले असते. किंमत मोटारीच्या मानाने नगण्य. संचासोबत ती आली नाही तर वेगळी घ्यावी.

जुन्या ढंगाच्या क्रूझरना पुढे स्प्रिंगचा चिमटा असतो. श्विनने तो १९३८ मध्ये आणला आणि आजही त्याची नक्कल फार लोकप्रिय आहे, कारण तो दिसतो छान. पण त्यात आस मुख्य नळीत न बसता हलत्या पट्टीवर, एका खिळीभोवती फिरणाऱ्या जोडावर बसतो. मोटारीचा पीळ त्या खिळीवर येतो आणि टॉर्क आर्म आवळायला स्थिर जागाही सापडत नाही. असा चिमटा असेल तर मोटार मागे घ्यावी किंवा चिमटा बदलावा.

मागे घ्यायची म्हटली की मापाची अडचण येते. एकेरी गतीच्या कोस्टर ब्रेकच्या क्रूझरमध्ये मागच्या दोन खाचांमधले अंतर साधारण ११० मिलिमीटर असते. मागच्या हब मोटारींना बहुधा १३५ लागते. पोलादी नळ्या थोड्या फाकविता येतात, कारागीर तसे करतातही. पण २५ मिलिमीटर फाकविणे म्हणजे जोडांवर कायमचा ताण ठेवणे होय. अॅल्युमिनियमच्या बाबतीत तर तो विचारही मनात आणू नये. यावर सोपा उपाय आहे. सात गतींच्या गिअरची क्रूझर निवडावी. तिच्या मागच्या खाचांमधले अंतर मुळातच १३० किंवा १३५ असते, आणि हाताच्या ब्रेकची सोयही बहुधा आपोआप मिळते. दोन अडचणी एका निवडीने सुटतात. माझ्या मते विजेच्या मोटारीसाठी सर्वसाधारण वाचकाने शोधावा तो हाच सांगाडा : पोलादी, गिअरचा, साध्या चिमट्याचा.

मिड-ड्राइव्हचा मोह असेल, तर पायडलचा आस ज्या आडव्या नळीतून जातो ती नळी मोजावी. अनेक अमेरिकी क्रूझरमध्ये दोन्ही पायडलांचे दांडे आणि आस मिळून एकच वाकविलेला गज असतो. त्यासाठी ही नळी सुमारे ५१ मिलिमीटर व्यासाची आणि आत आटे नसलेली असते. मोटारी मात्र सुमारे ३४ मिलिमीटरच्या आटे असलेल्या नळीसाठी बनविलेल्या असतात. मधे बसविण्याची कडी मिळते. ती घेतल्याशिवाय मोटार बसणार नाही. शिवाय मिड-ड्राइव्हचा खरा लाभ गिअरमधून जोर पाठविण्यात आहे. एकेरी गतीच्या सायकलवर तो निम्मा वाया जातो.

मधला त्रिकोण

बॅटरी कुठे ठेवायची, याचा निर्णयही सांगाडाच करतो. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-तास ऊर्जा. पायडलची मदत घेत चालविले आणि किलोमीटरला दहा-बारा वॉट-तास खर्ची पडले, तर तिच्यावर तीस किलोमीटर मजल होते. अशा बॅटरीची पेटी सुमारे ३५ ते ४० सेंटिमीटर लांब आणि तीनेक किलो वजनाची असते. तिची उत्तम जागा म्हणजे हँडलच्या नळीकडून पायडलकडे उतरणारी नळी. वजन खाली आणि मधोमध राहते.

नेमके इथेच क्रूझरचे सौंदर्य आडवे येते. वरचा दांडा कमानीसारखा वाकलेला, त्याखाली शोभेची दुसरी नळी, काही नमुन्यांत तर उतरती नळीही वाकलेली. त्रिकोणाची रिकामी जागा आटते आणि सरळ पेटी वाकड्या नळीवर बसत नाही. दुकानात जाण्यापूर्वी बॅटरीच्या मापाचा पुठ्ठा कापून सोबत न्यावा आणि तो सांगाड्यात धरून पाहावा. पायडल पूर्ण फिरते का, गुडघा घासतो का, पेटी सरकवून बाहेर काढता येते का, हे दोन मिनिटांत कळते. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

बॅटरी मागच्या कॅरिअरवर ठेवता येते, पण तीन किलो वजन उंचावर आणि मागच्या आसाच्याही मागे गेल्याने वेगात हँडल थरथरू लागण्याची शक्यता वाढते. वरचा दांडा नसलेल्या सांगाड्यात, ज्याला आपण लेडीज सायकल म्हणतो, ही थरथर अधिक जाणवते, कारण पीळ अडविणारी नळीच तेथे नसते. चढ-उतारासाठी असा सांगाडा हवाच असेल, तर २५० वॉटपलीकडच्या मोटारीचा नाद धरू नये. नळीला भोके पाडून बॅटरीची पट्टी बसविण्याचा सल्लाही काही ठिकाणी दिला जातो. पातळ नळीला पाडलेले भोक ही तड्याची पहिली जागा असते. आवळून बसणारे पट्टे वापरावेत.

नळ्या, जोड आणि जुना माल

अमेरिकेत जुन्या शिकागो-बनावटीच्या श्विन सांगाड्यांना अजून मान आहे. नळ्या जाड, वजन भरपूर, जोड मजबूत. शिकागोचा कारखाना १९८० च्या दशकात बंद झाला, १९९२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, आणि त्यानंतर ते नाव अनेक हातांतून गेले. नावावरून आजच्या सायकलची मजबुती ठरविण्यात अर्थ नाही. जुनी म्हणून डोळे झाकून घेण्यातही नाही.

जुना सांगाडा पाहताना हँडलच्या नळीला उतरती नळी जिथे मिळते, त्या जोडाच्या खालच्या बाजूस बोट फिरवावे. रंगाला बारीक सुरकुत्या असतील, तर सायकल कधीतरी समोरून आदळली आहे आणि नळी चेपली आहे. मोटारीचा भारही प्रथम याच जागी येतो, कारण प्रत्येक खड्ड्यात पुढचे चाक हा जोड उघडू पाहते. येथे त्रिकोणी पत्र्याची आधारपट्टी जोडलेली असेल तर उत्तम. सीटची नळी काढून आत डोकवावे. पायडलच्या नळीत वर्षानुवर्षे साचलेले पाणी पोलाद आतून खाते. पोलाद आहे की नाही याची शंका असेल तर खिशात लोहचुंबक ठेवावे. चिकटले नाही, म्हणजे अॅल्युमिनियम.

अॅल्युमिनियम वाईट असे नाही. गंजत नाही, वजनाला हलके. पण पोलादात ताण एका मर्यादेखाली राहिला तर तो अगणित वेळा सोसला जातो; अॅल्युमिनियमला तशी निश्चित मर्यादा नसते, लहान ताणही दीर्घकाळात थकवा आणतो. मोटारीसाठीच आखलेला अॅल्युमिनियमचा सांगाडा ही गोष्ट वेगळी. साध्या सायकलचे रूपांतर करताना पोलाद अधिक क्षमाशील आहे.

पेट्रोल इंजिनाच्या संचाबद्दल थोडक्यात. तो सीटची नळी आणि उतरती नळी यांच्या कोनात बसतो आणि त्याच्या पकडी साधारण २८ मिलिमीटर व्यासाच्या गोल, सरळ नळ्यांसाठी असतात. जाड अॅल्युमिनियमच्या नळीवर त्या बसत नाहीत. दुसरी साखळी डाव्या बाजूने जाते. तिचे चक्र अनेक संचांत मागच्या चाकाच्या आऱ्यांनाच रबराच्या चकत्यांमध्ये आवळलेले असते. रुंद टायर, डावी नळी आणि कोस्टर ब्रेकचा दांडा या तिघांतून त्या साखळीला वाट मिळते का, हे आधी पाहावे. मला स्वतःला आऱ्यांवर इंजिनाचा जोर टाकण्याची ही पद्धत पटत नाही.

आपल्याकडे

पुण्या-मुंबईत हा प्रयोग करू पाहणाऱ्याने कायदाही पाहावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येत चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचे वाहन 'मोटार वाहन' ठरत नाही. बाजारात मिळणारे पेट्रोलचे बहुतेक संच ४८ किंवा ६६ सीसीचे असतात, म्हणजे ते या मर्यादेच्या बाहेर गेले. नोंदणीशिवाय ते रस्त्यावर आणता येत नाहीत. विजेसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत सवलत आहे : मोटारीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा. मात्र या सवलतीसाठी चाचणी संस्थेची मान्यता अपेक्षित आहे; पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. घरी जोडलेल्या सायकलला ती मान्यता आपोआप मिळत नाही. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने ७५० वॉटपर्यंत आणि ताशी २० मैलांपर्यंत मुभा दिली आहे, म्हणून तिकडच्या माहितीतले आकडे जसेच्या तसे इकडे लावू नयेत.

आपल्या परिचयाची काळी, दांड्याची सायकल क्रूझरपेक्षा या कामाला बरी की वाईट? सांगाडा लांब, पोलादी आणि खाचा जाड. येथवर ती उजवी आहे. दूधवाल्यांची डबल दांड्याची सायकल तर भार वाहण्यासाठीच जन्मली आहे. अडते ते चाकात आणि ब्रेकमध्ये. सळईचे ब्रेक रिमच्या आतल्या अंगाला घासतात, पावसात जवळजवळ निकामी होतात, आणि २८ इंची चाकाची जुनी रिम काढून मोटारीभोवती नवी विणावी लागते. पुढे चांगला कॅलिपर ब्रेक बसविता आला, तरच तिचा विचार करावा.

मोटार बसवून झाल्यावर पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर आसाचे नट, टॉर्क आर्मचे पट्टे आणि आऱ्यांचा ताण पुन्हा तपासावा. नव्या विणलेल्या चाकात आरे सैल होतातच. आणि पुढच्या मडगार्डच्या सळ्या पाहाव्यात. क्रूझरचे लांब मडगार्ड शोभेसाठी बारीक सळ्यांवर टांगलेले असते. कंपनाने सळी तुटली, की मडगार्ड टायरबरोबर ओढले जाऊन चाकाखाली गुंडाळते आणि पुढचे चाक जागीच अडकते. सळ्या जाड घालाव्यात, नाहीतर पुढचे मडगार्ड काढून ठेवावे.